पहिलं सेकंडहँड विमान: १७२ घ्यावी की चेरोकी?

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत राहतो, आयटीत नोकरी, एच-१बी व्हिसा. प्रायव्हेट पायलटचं लायसन्स मिळून आठ महिने झाले, एकूण ८५ तास उड्डाण. घरी बायको आणि दोन मुलं, वय सात आणि चार. बजेट ८० हजार डॉलर. दोन विमानं नजरेत आहेत. एक १९७७ची सेसना १७२एन, फ्लोरिडात समुद्राजवळ. तिच्या इंजिनाचा ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून नव्याने बांधणी, २००३ साली झाला आणि त्यानंतर फक्त ६२० तास झालेत. त्यातले ५०० पहिल्या सात वर्षांत आणि उरलेले १२० पुढच्या पंधरा वर्षांत. किंमत ७६ हजार. दुसरी १९६९ची पायपर चेरोकी १४०, ओहायोत. २००६च्या ओव्हरहॉलनंतर १,७५० तास, म्हणजे दरवर्षी नव्वदच्या आसपास. किंमत ४६ हजार. 'सेसनाचं इंजिन जवळपास नवं आहे, चेरोकीचं संपत आलंय. म्हणून सेसनाच घ्यावी असं वाटतं. बरोबर आहे ना?'

मी असतो तर आधी ओहायोला गेलो असतो.

पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान विमानतळावर मी २२ वर्षं मेकॅनिकचं काम करतोय आणि त्यातली १४ वर्षं वार्षिक तपासणीवर, ज्याला आम्ही सगळे नुसतं 'एन्युअल' म्हणतो, सही करतोय. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन दरवर्षी चार-पाच जण येतात आणि बहुतेकांचा कल तुमच्यासारखाच असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पण त्याआधी व्हिसाचं बोलून घेऊ, कारण तिथे गाडी अडली तर बाकीचं सगळं व्यर्थ. अमेरिकेत विमानाची नोंदणी व्यक्तीच्या नावावर करायची तर ती व्यक्ती अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावी लागते. एच-१बीवर स्वतःच्या नावाने नोंदणी होत नाही. ग्रीन कार्डवाल्या मित्राला भागीदार केलं तरी उपयोग नाही, कारण सहमालकांपैकी प्रत्येक जण त्या अटीत बसावा लागतो. रीतसर वाट म्हणजे ट्रस्ट. विमान कागदोपत्री अमेरिकन विश्वस्ताच्या नावावर राहतं आणि वापर तुमचा. त्याची दरवर्षी फी असते आणि विमा कंपनीला ते आधी सांगावं लागतं. विमानांची कामं करणाऱ्या वकिलाशी तासभर बोला आणि त्यानंतरच इसार द्या. मित्राच्या नावावर घेऊन 'नंतर बघू' असं कृपा करून करू नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न मालकीचाच विचारते.

आता इंजिन. तुमच्या दोन्ही विमानांत लायकमिंगचं ओ-३२० घराण्यातलं चार सिलिंडरचं इंजिन आहे. कंपनीने ओव्हरहॉलसाठी सुचवलेली मर्यादा २,००० तासांची. ती सगळ्यांना पाठ असते. पण त्याच कागदावर दुसरीही मर्यादा आहे, १२ वर्षांची, आणि ती जाहिरातीत कधी दिसत नाही. वर्षांची मर्यादा का? लायकमिंगच्या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो, क्रँकशाफ्टच्याही वर. इंजिन चालू असताना उडणाऱ्या तेलावर त्याचं भागतं. इंजिन बंद झालं की तेल हळूहळू खाली ओघळतं आणि काही आठवड्यांत कॅमच्या पाकळ्या जवळपास कोरड्या पडतात. आत ज्वलनातून आलेली वाफ असतेच, वर फ्लोरिडाची दमट, खारी हवा. पाकळीवर आणि तिच्यावर घासणाऱ्या टॅपेटच्या तोंडावर गंजाचे बारीक खड्डे पडतात. महिन्या-दोन महिन्यांनी मालक येतो, जागच्या जागी दहा मिनिटं इंजिन चालवतो आणि समाधानाने घरी जातो. त्या दहा मिनिटांत तेल पुरेसं तापत नाही, पाणी उडून जात नाही, उलट थोडं आणखी जमा होतं. गंजलेल्या जागी वरचा कडक थर सुटायला लागतो आणि ते धातूचे कण तेलातून सगळीकडे फिरतात.

सहा वर्षांपूर्वी एक गृहस्थ १९७४ची १७२एम घेऊन माझ्याकडे आले. विमान किनाऱ्यावरच्या एका गावातून नुकतंच विकत घेतलेलं, ओव्हरहॉलनंतर ४८० तास. खरेदीआधीची तपासणी विकणाऱ्याच्याच मेकॅनिकने करून दिली होती आणि कॉम्प्रेशनचे आकडे उत्तम होते: ८० पैकी ७६, ७७, ७४, ७६. मी तेलाचा फिल्टर कापला, आतला घडीचा कागद शिकंज्यात पिळून काढला आणि उन्हात धरला. चांदीचा भुगा पडावा तसा तो चमकत होता. लोहचुंबक नेला तर कण उठून चिकटले. मग एक सिलिंडर उतरवला, कारण या इंजिनात कॅम बघायला दुसरा सोपा रस्ता नाही. कॅमची एक पाकळी टोकाला झिजून वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी गोल झाली होती आणि बाजूच्या पाकळीवर नख फिरवलं की खड्ड्यांत अडकत होतं. कॉम्प्रेशन टेस्टला यातलं काहीच कळत नाही. ती टेस्ट रिंग आणि व्हॉल्व्ह हवा धरतात का तेवढंच सांगते, कॅमबद्दल ती मुकी आहे. त्या इंजिनाला ३४ हजार डॉलर लागले. विमान घेऊन पाच आठवडे झाले होते. ते गृहस्थ हँगरच्या दारात स्टुलावर बसून बराच वेळ काही बोललेच नाहीत.

म्हणून विमान बघताना मी पहिला आकडा काढतो तो गेल्या पाच वर्षांत दर वर्षी किती तास उडालं याचा. तुमच्या सेसनाचं उत्तर आहे वर्षाला आठ तास. चेरोकीचं नव्वद. दर आठवड्याला तेल तापणारं, मालकाच्या हाताखाली असणारं, छोटी दुखणी लगेच दाखवणारं विमान मला १,७५० तासांवरही आवडतं.

याचा अर्थ चेरोकीचं इंजिन आणखी दहा वर्षं जाईल असा नाही. ते उद्या जाणार असंच धरून चाला. खासगी उड्डाणासाठी २,००० तासांची मर्यादा सक्तीची नाही. तेलाची तपासणी आणि सिलिंडरच्या आतली पाहणी चांगली येत असेल तर इंजिन २,२००-२,३०० तास निमूटपणे चालताना मी पाहिलं आहे. पण हिशेब मात्र आजच मांडा. ४६ हजार विमानाचे आणि ३५ हजार ओव्हरहॉलचे, बेरीज ८१. म्हणजे सर्वांत वाईट घडलं तरी तुम्ही बजेटच्या काठावर आहात आणि हातात नव्याने बांधलेलं इंजिन आहे. सेसनामध्ये ७६ हजार पहिल्याच दिवशी जातात, इंजिनात काय आहे ते ठाऊक नाही आणि खिशात चार हजार उरतात. एका खराब एन्युअलला तेवढे पुरत नाहीत.

१७२एनबद्दल आणखी एक सांगायला हवं. १९७७ला हे मॉडेल आलं तेव्हा त्यात ओ-३२०-एच२एडी हे इंजिन बसवलं होतं आणि नेमकं तेच कॅम-टॅपेटच्या झिजेसाठी बदनाम झालं. १९८०मध्ये एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने, एडी काढला. एडी म्हणजे एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह, सक्तीचा आदेश, तो पाळल्याशिवाय विमान उडवताच येत नाही. या एडीनुसार त्या इंजिनाच्या तेलात दर ५० तासांनी एक विशिष्ट रसायन मिसळावं लागतं, किंवा ते आधीच मिसळलेलं तेल वापरावं लागतं. शिवाय या इंजिनात दोन्ही मॅग्नेटो, म्हणजे स्पार्क प्लगना ठिणगी पुरवणारी यंत्रं, एकाच खोक्यात, एकाच ड्राइव्हवर आहेत, तो गेला की दोन्ही गेले. नियमित उडणारी एच२एडी इंजिनं पूर्ण मर्यादेपर्यंत गेलेली मला माहीत आहेत, तेव्हा इंजिनाला सरसकट नावं ठेवणार नाही. पण बसून राहिलेलं एच२एडी, तेही समुद्राकाठी, मी स्वतःच्या भावाला घेऊ देणार नाही. १७२च हवी असेल तर १९६८ ते १९७६ची १५० अश्वशक्तीची किंवा १९८१पासूनची १७२पी शोधा. सेसनाने १९८६ला हे विमान बनवणं थांबवलं आणि १९९६ला पुन्हा सुरू केलं. त्या नंतरच्या विमानांच्या किमती तुमच्या बजेटच्या खूप वर आहेत.

चेरोकीचे दोष? आहेत की. दार एकच, उजवीकडे, तेव्हा पायलट आधी आत आणि बायको नंतर, उतरताना उलटं. पंख खाली असल्यामुळे पेट्रोल पंपाने वर चढवावं लागतं आणि टाक्या डावी-उजवी स्वतः बदलाव्या लागतात. सेसनासारखी 'दोन्ही' ही खूण निवडायची सोय नाही. दर अर्ध्या तासाला टाकी बदलण्याची सवय अंगात मुरेपर्यंत गुडघ्यावरच्या पाटीवर वेळ लिहून ठेवा. इंधन असूनही इंजिन बंद पडण्याचं कारण इथेच दडलेलं असतं. मागची सीट लहान आहे, तुमच्या मुलांना आज पुरेल, पाच वर्षांनी पुरणार नाही.

वजनाचंही पाहून घ्या, कारण 'चार सीटचं विमान' या शब्दांवर फार जण फसतात. १७२एनचं कमाल वजन २,३०० पौंड. रिकामं साधारण १,४५० धरलं तर ८५० उरतात. टाक्या भरल्या की ४० गॅलन कामाचं पेट्रोल, प्रत्येकी सहा पौंड, म्हणजे २४० गेले. उरले ६१०, त्यात चौघं आणि सामान. चेरोकी १४०चं कमाल वजन २,१५० आणि टाक्या ५० गॅलनच्या, तेव्हा भरल्या टाक्यांवर माणसांसाठी साडेपाचशेच्या आसपासच राहतात. तुम्ही दोघं आणि दोन लहान मुलं आज आरामात बसाल. पण प्रत्येक विमानाचा वजनाचा स्वतःचा कागद असतो. पन्नास वर्षांत रंगाचे थर, जुन्या रेडिओंच्या तारा, नवी गालिचे-सजावट सगळं चढत गेलेलं असतं. त्या विमानाचा कागद मागवा, माझे आकडे नुसते अंदाजाला आहेत.

आता लॉगबुकं. विमान बघायला जाण्याआधी इंजिन, सांगाडा आणि प्रोपेलर, तिन्ही लॉगबुकांच्या पानापानाचे फोटो मागवा आणि एक अख्खी संध्याकाळ त्यांना द्या. एन्युअलच्या नोंदींत मीटरचे आकडे असतात, त्यांची वर्षवार वजाबाकी करा, उड्डाणाचा इतिहास समोर येईल. 'प्रोपेलर बदलला' अशी नोंद दिसली आणि आजूबाजूला इंजिन उघडल्याची नोंद नसली तर तिथे बोट ठेवा. प्रोपेलर जमिनीला लागला असेल तर लायकमिंगमध्ये क्रँकशाफ्टच्या गिअरचा बोल्ट तपासण्याचा एडी आहे आणि कंपनी इंजिन उघडायला सांगते. नुकसानीचा इतिहास असला म्हणून मी विमान नाकारत नाही. तीस वर्षांपूर्वी पंखाचं टोक नीट दुरुस्त झालं आणि त्यावर हजार तास उडाले तर ते मिटलं. लपवलेली दुरुस्ती मात्र वाईट. त्यासाठी ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या नोंदणी कार्यालयातून त्या विमानाची पूर्ण फाइल मागवता येते, दहा डॉलरच्या आसपास खर्च येतो. मोठ्या दुरुस्त्यांचे आणि बदलांचे फॉर्म ३३७ तिथे असतात. ते लॉगबुकशी जुळवा. विमानावर कोणाचं कर्ज आहे का, तेही टायटल कंपनीकडून, म्हणजे मालकीची कागदपत्रं तपासणाऱ्यांकडून, तपासून घ्या.

तुम्ही नेवार्क, केनेडी, लाग्वार्डियाच्या ३० मैलांच्या वर्तुळात उडणार, तेव्हा एडीएस-बी आउट, म्हणजे विमानाची जागा सतत प्रसारित करणारं यंत्र, असलंच पाहिजे. १ जानेवारी २०२०पासून ते सक्तीचं आहे. चेरोकीत नसेल तर बसवायला काही हजार लागतील, ते सरळ किमतीतून मागा. सेसनामध्ये सीटच्या रुळांचा एडी पाहा. रुळाची भोकं झिजली की टेकऑफच्या वेळी सीट मागे सरकते, पायलट आधारासाठी हातातलं योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, ओढतो आणि विमान नाक वर करून पडतं. माणसं मेली आहेत त्यात. पायपरच्या काही मॉडेलांना २०१८च्या डेटोना बीचच्या अपघातानंतर पंखाच्या स्पारच्या, म्हणजे आतल्या मुख्य तुळईच्या, तपासणीचा एडी लागला आहे. तेव्हा उडत्या विमानाचा, एका पायपर ॲरोचा, पंख तुटला होता. चेरोकी १४० त्या यादीत नाही. पण पुढे पायपरचीच वॉरियर किंवा आर्चर बघाल तर पहिलं ते विचारा.

प्रत्यक्ष विमानापाशी गेलात की तुम्हालाही बरंच दिसेल, त्याला मेकॅनिक असावं लागत नाही. माझे वडील ओझरला एचएएलमध्ये फिटर होते. रिव्हेटच्या मागे वाऱ्याच्या दिशेने बोटाचं टोक फिरवून बघायचं ते त्यांनी मला मी नववीत असताना शिकवलं. बोटाला करडी-काळी, तेलकट रेघ लागली तर तो रिव्हेट ढिला होऊन हलतोय. मग पंखाखाली आडवे व्हा. इथलं विमानाचं पेट्रोल निळ्या रंगाचं असतं, त्यामुळे टाकी पाझरत असेल तर शिवणींवर फिकट निळे डाग वाळलेले दिसतात. रंगाखाली केसासारख्या फुगलेल्या रेषा म्हणजे गंज. शेपटीकडचं झाकण उघडायला सांगा आणि आधी नाक आत घाला. उंदराच्या मुताचा वास आला तर घरट्याखालचं ॲल्युमिनियम खाल्लेलं असणं जवळजवळ ठरलेलं. पुढच्या चाकामागची फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधला पत्रा, सुरकुतली असेल तर कधीतरी नाकावर आपटलंय.

त्यानंतर प्रीबाय, म्हणजे खरेदीआधीची तपासणी. कायद्यात तिची व्याख्या नाही, काय तपासायचं ते तुम्हीच ठरवायचं. मेकॅनिक तुमचा हवा, ज्याने हे विमान आजवर कधी सांभाळलेलं नाही असा, आणि शक्यतो चेरोकी रोज हाताळणारा. कॉम्प्रेशनबरोबर सिलिंडरमध्ये बोरस्कोप, म्हणजे नळीच्या टोकाचा कॅमेरा, घालून व्हॉल्व्हचे फोटो, फिल्टर कापून, तेलाचा नमुना प्रयोगशाळेत, एक्झॉस्टच्या मफलरचं आवरण काढून आतल्या भेगा. मफलर विसरू नका. केबिनचा हीटर त्याच्याभोवतीच्या गरम हवेवर चालतो आणि भेग असली तर कार्बन मोनॉक्साइड सरळ मुलांच्या सीटपर्यंत येतो. सगळं मिळून हजार डॉलरच्या आत-बाहेर खर्च येईल. विक्रेत्याशी आधीच लेखी ठरवा की सुरक्षिततेचे जे दोष निघतील ते त्याने दुरुस्त करायचे किंवा किमतीतून वजा करायचे. नाही म्हणाला तर इसार परत. फिल्टर कापू देत नाही असं म्हणणाऱ्याकडून मी आजवर कोणालाही विमान घेऊ दिलेलं नाही.

खर्चाचं झटपट सांगतो. टायडाऊन, म्हणजे उघड्यावर बांधायची जागा, महिन्याला शंभर ते दोनशे. हँगर हवा असेल तर आजच यादीत नाव घाला. ८५ तासांच्या पायलटला विमा महाग पडतो, विमान पक्कं करण्याआधी दोन्ही विमानांसाठी कोटेशन घ्या. एन्युअल काही विशेष न निघता दीड ते अडीच हजार, पहिल्या वर्षी दुप्पट धरा, कारण नवा मेकॅनिक जुन्याने सोडलेलं सगळं पकडतो. पेट्रोल तासाला आठ-साडेआठ गॅलन. न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के कर, ४६ हजारांवर तीन हजारांहून थोडा जास्त, तो ओहायोत घेतलं म्हणून चुकत नाही. आणि वर्षाला पन्नास तासांपेक्षा कमी उडणार असाल, तर मनापासून सांगतो, सध्या क्लबचं विमान भाड्याने घ्या. तुमच्या हातात ही चेरोकी त्या फ्लोरिडातल्या सेसनासारखी होऊ नये.

आज संध्याकाळी ओहायोच्या मालकाला फोन करा. विमान शेवटचं कधी उडवलं, कोण सांभाळतं, विकायचं कारण काय, एवढंच विचारा आणि त्याला बोलू द्या. जो दर आठवड्याला उडवतो तो न विचारता सांगतो की डाव्या ब्रेकला थोडं तेल सुटतं आणि थंडीत तिसरा सिलिंडर जरा उशिरा पेट घेतो. मग इंजिनाच्या लॉगबुकची २००६पासूनची पानं मागवा. ती आली की मीटरचे आकडे आणि फिल्टरच्या नोंदी मला पाठवा, मी बघून सांगतो.